एकविसाव्या वाढदिवसाच्या आधी

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई २०१२ पासून अमेरिकेत आहेत. पतीच्या एच-१बी व्हिसावर हे कुटुंब तिथे गेले तेव्हा त्यांची मुलगी साडेतीन वर्षांची होती. आता ती सतरा वर्षांची असून अकरावीत शिकते आहे. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा, जन्मानेच अमेरिकन नागरिक. पतीच्या कंपनीने २०१६ साली ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू केली आणि त्यासाठीचा आय-१४० हा कंपनीचा अर्ज मंजूरही झाला. पण भारतीयांच्या रांगेत त्यांचा नंबर अजून लागलेला नाही. एकवीस वर्षे पूर्ण होताच मुलगी ‘अवलंबित’ या व्याख्येतून बाहेर पडेल आणि तिचा एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा संपेल, हे आईवडिलांना ठाऊक आहे, पण त्यांनी ते मुलीला सांगितलेले नाही. पतीचे म्हणणे असे की रांग सरकेल, नाहीतर वय मोजण्याचे सूत्र आहे, आणि शिवाय कंपनीचा वकील सगळे पाहतोच आहे. तेव्हा तिच्या डोक्याला आत्तापासून ताप नको. ताईंना मात्र झोप लागत नाही. “आम्हीच तिला इथे आणले, आता तिला सांगू कोणत्या तोंडाने?” असे त्या लिहितात. मुलीला सांगावे का, आणि ती शाळेत आहे तोवरच भारतात परतावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई,

तुमच्या पत्रातला आइस्क्रीमच्या दुकानाचा प्रसंग मी दोन-तीनदा वाचला. सुट्टीतल्या नोकरीचा अर्ज घेऊन मुलगी घरी आली, नोकरीसाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्यावर बोट ठेवून तिने “आई, माझा नंबर काय?” असे विचारले, आणि तुम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहत “नोकरीची एवढी काय घाई आहे, अभ्यास कर” असे उत्तर दिले. एच-४ वरच्या मुलांना काम करण्याची परवानगी नसते, म्हणून तो नंबरही मिळत नाही, एवढी साधी गोष्ट होती. ती न कळल्यामुळे तिने स्वतःपुरता अर्थ लावला की आईबाबांचा माझ्यावर विश्वास नाही, आणि तेच ती मैत्रिणीजवळ बोलली. तिला त्रास होऊ नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात. त्रास तर झालाच, आणि तोही चुकीच्या समजुतीने.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. सांगा, आणि या महिन्यातच सांगा. आज तिच्या हाती जवळजवळ चार वर्षे आहेत. कॉलेज कोणते, कोणत्या राज्यातले, शुल्क कोणत्या दराने, विषय कोणता हे सगळे निर्णय ती येत्या वर्षभरात घेणार आहे, आणि यांतल्या प्रत्येक निर्णयाचा तिच्या व्हिसाशी संबंध आहे. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात अचानक ही गोष्ट कळलेल्या मुलामुलींची पत्रे मला अधूनमधून येतात. त्यांचा राग कायद्यावर असतोच, पण आईवडिलांना माहीत असूनही आपल्याला अंधारात ठेवले गेले, याचे शल्य त्यांना जास्त काळ पुरते.

आता तुमच्या यजमानांच्या तीन आधारांकडे वळते. ते बेफिकीर आहेत असे मला मुळीच वाटत नाही. घाबरलेला माणूस आशेला घट्ट धरून बसतो, तसे त्यांचे झाले असावे. पण तिन्ही आधार तपासून घ्यायला हवेत.

रांग सरकेल, हा पहिला. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात, त्यात पती-पत्नी आणि मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. याचा परिणाम असा की २०२५ साली ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवर आधारित दोन्ही वर्गांत भारतीयांची रांग २०१३ च्या तारखांपाशी होती. तुमची प्रायोरिटी डेट, म्हणजे रांगेत उभे राहिल्याची तारीख, २०१६ ची. कॅलेंडरचे एक वर्ष गेले म्हणजे रांगही एक वर्ष पुढे जाते असे नाही. कधी ती महिनोन्‌महिने हलत नाही, कधी मागेही जाते आणि कधी एकदम उडी घेते. चार वर्षांत तुमचा नंबर लागणारच नाही असे मी म्हणणार नाही, पण मुलीचे सगळे भवितव्य त्या एका शक्यतेवर ठेवू नका.

वय मोजण्याचे सूत्र, हा दुसरा आधार, आणि इथे थोडे थांबावे लागेल, कारण या सूत्राविषयी घरोघरी अर्धवट माहिती असते. २००२ साली अमेरिकेत मुलांच्या वयाला संरक्षण देणारा कायदा झाला. व्हिसा उपलब्ध होईल त्या दिवशी मुलाचे जे वय असेल, त्यातून आय-१४० अर्ज सरकारकडे जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करायचे. उरलेले वय एकविसाच्या आत असेल, मूल अविवाहित असेल आणि व्हिसा उपलब्ध झाल्यापासून वर्षभरात ग्रीन कार्डसाठी पाऊल उचलले असेल, तर ते मूल आईवडिलांबरोबर राहते. आता तुमच्या कपाटातली ती जुनी फाइल काढा आणि आय-१४० च्या मंजुरीपत्रावरच्या दोन तारखा पाहा, अर्ज मिळाल्याची आणि मंजुरीची. तुम्ही लिहिता की निकाल लवकर लागावा म्हणून तेव्हा कंपनीने जादा शुल्क भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेतले होते आणि नऊ दिवसांत मंजुरी आली, म्हणून तुम्ही पेढे वाटले होते. तेच नऊ दिवस आता तिच्या वयातून वजा होतील. ज्यांचा अर्ज दीड वर्ष रखडला त्यांच्या मुलांना दीड वर्षाची सवलत मिळते, तुमच्या मुलीला नऊ दिवसांची. हे अन्यायाचे वाटते आणि आहेही. पण गणित असे आहे.

शिवाय मोजणीचा दिवस कोणता धरायचा, हेही मध्यंतरी बदलले. व्हिसा बुलेटिन या दर महिन्याच्या सरकारी पत्रकात दोन तक्ते असतात, एक अर्ज दाखल करण्याच्या तारखांचा आणि दुसरा अंतिम निर्णयाच्या तारखांचा. पहिला बहुधा पुढे असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने वय गोठवण्यासाठी पहिला तक्ता धरायला सुरुवात केली होती. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना पुन्हा अंतिम निर्णयाचाच तक्ता लावला जातो. तुमच्या यजमानांनी दोन-तीन वर्षांपूर्वी कुठेतरी वाचलेली दिलासा देणारी बातमी या आधीच्या धोरणाची असावी. त्यांना ही तारीख दाखवा.

तिसरा आधार कंपनीचा वकील. तो कंपनीने नेमलेला असतो आणि त्याचे मुख्य काम कंपनीचा कर्मचारी कायदेशीरपणे कामावर राहील हे पाहणे. तुमच्या मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाची आठवण ठेवणे हे त्याच्या कामात येतेच असे नाही. एक-दोन तासांच्या सल्ल्याचे पैसे खर्च करून स्वतंत्र इमिग्रेशन वकिलाला भेटा. अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशन या संघटनेच्या यादीतून वकील शोधता येतो. वकील नसलेल्या ‘कन्सल्टंट’कडे जाऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. वकिलाला तीन गोष्टी आवर्जून विचारा. पहिली, तुम्हा दोघांपैकी कोणाचा जन्म भारताबाहेर झाला असेल तर त्याचा उपयोग होतो का. रांग नागरिकत्वावर ठरत नाही, जन्मदेशावर ठरते, आणि पती-पत्नींपैकी एकाचा जन्म मस्कतला किंवा कुवेतला झालेला असेल तर संपूर्ण कुटुंब त्या देशाच्या रांगेत जाऊ शकते. आखातात वडिलांच्या नोकरीमुळे जन्मलेल्या कितीतरी जणींना हे ठाऊक नसते. दुसरी, यजमानांना किंवा तुम्हाला ईबी-१ या पहिल्या पसंतीच्या वर्गात जाता येईल का. तो वर्ग अवघड आहे, पण जुनी प्रायोरिटी डेट सोबत नेता येते, आणि २०२५ मध्ये त्या वर्गातली भारतीयांची रांग २०२२ पर्यंत आलेली होती. तिसरी, मुलीचे नेमके गणित कागदावर मांडून देण्याची विनंती. आठ लाख डॉलर गुंतवून मिळणाऱ्या ईबी-५ चा मार्गही तुमच्या कानावर येईल. त्यासाठी गावाकडची जमीन विकायला कोणी सुचवले तर आधी त्याच स्वतंत्र वकिलाशी बोला.

आता सांगायचे कसे. दोघांनी मिळून सांगा, एकट्या आईवर ते टाकू नका. जेवणाचे टेबल मोकळे करून तिचा पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद), एच-४ चे मंजुरीपत्र आणि बाबांचे आय-१४० तिच्यासमोर ठेवा आणि प्रत्येक कागद म्हणजे काय ते सांगा. आय-९४ वर एखादे वेळी वाढदिवसानंतरची तारीख छापलेली असते. ती पाहून निर्धास्त राहायचे नाही, कारण एच-४ एकविसाव्या वाढदिवशी संपतो, हेही तिथेच दाखवा. आणि आइस्क्रीमच्या दुकानाविषयी तिची माफी मागा. ती रडेल किंवा चिडेल, कदाचित दार लावून घेईल. त्या वेळी “आम्ही तुझ्यासाठीच सगळे केले” हे वाक्य कृपा करून तोंडातून येऊ देऊ नका, आणि तुमच्या अपराधीपणाचे ओझे तिच्यासमोर उतरवू नका, नाहीतर त्या सतरा वर्षांच्या मुलीलाच तुमची समजूत घालत बसावे लागेल. तुम्ही तिला कायदेशीर मार्गाने नेलेत, प्रत्येक मुदतवाढ वेळेवर घेतलीत. रांगेची लांबी तुम्ही ठरवलेली नाही. हे स्वतःलाही एकदा शांतपणे सांगा.

त्यानंतर कॉलेज. शाळेच्या काउन्सेलरला भेटायला तिला पाठवा आणि पहिल्या वेळी स्वतःही जा, कारण अनेक काउन्सेलरांना एच-४ ची मुले ही वेगळी अडचण आहे हे माहीत नसते. ते फाफ्साचा अर्ज भरायला सांगतील. केंद्र सरकारची ती आर्थिक मदत एच-४ किंवा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना मिळत नाही. काहीजण लहानपणी आणलेल्या, कागदपत्रे नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून वाचवणाऱ्या ‘डाका’ योजनेचे नाव घेतील. २०१२ च्या त्या योजनेची अटच अशी आहे की १५ जून २०१२ रोजी अर्जदाराकडे कायदेशीर दर्जा नसावा. कायदेशीर व्हिसावर आलेली तुमची मुलगी त्यात बसत नाही. तिला मिळू शकतील त्या खासगी शिष्यवृत्त्या. नागरिकत्वाचा पुरावा न मागणाऱ्या शिष्यवृत्त्यांची यादी ‘इमिग्रंट्स रायझिंग’ ही संस्था प्रसिद्ध करते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी विद्यापीठे परदेशी नागरिकांनाही ऐपत न पाहता प्रवेश देतात आणि नंतर गरजेनुसार मदत करतात. तिथला प्रवेश अतिशय कठीण असतो, पण तिचे गुण तसे असतील तर अर्ज करायला कचरू नये.

सरकारी विद्यापीठांत मात्र एक गोष्ट फार काळजीपूर्वक पाहा. अनेक राज्यांत एच-४ वरच्या विद्यार्थ्याला स्थानिक रहिवाशाचे कमी शुल्क मिळू शकते, परंतु तोच विद्यार्थी एफ-१ वर गेला की ही सवलत जाऊ शकते. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षे एक दर आणि शेवटच्या वर्षी दुप्पट किंवा त्याहूनही अधिक, असे होऊ शकते. प्रवेश घेण्यापूर्वीच त्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रार कार्यालयाला हा प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका.

ग्रीन कार्ड वेळेत आले नाही तर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा तिचा सर्वांत नेहमीचा मार्ग ठरेल. त्यासाठी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातून आय-२० हे विद्यार्थी व्हिसासाठीचे प्रमाणपत्र घेऊन, देश न सोडता आय-५३९ हा दर्जा बदलण्याचा अर्ज करता येतो. तो वाढदिवसाच्या आधी दाखल झालाच पाहिजे, आणि निकालाला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून विसाव्या वाढदिवसाच्या आसपासच तयारीला लागावे. दुसरा मार्ग भारतात येऊन दूतावासातून व्हिसाचा शिक्का घेण्याचा, त्यात मुलाखतीत “शिक्षण संपल्यावर परत जाणार का?” हा प्रश्न असतो, आणि जिचे सगळे घर अमेरिकेत आहे तिला त्याचे उत्तर देणे जड जाते. कोणता मार्ग घ्यायचा हे वकिलाबरोबर ठरवा, विमानाचे तिकीट त्यानंतर काढा.

एफ-१ वर गेल्यावर तिला काही मोकळीकही मिळते, हे तिला नक्की सांगा. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कॅम्पसमध्ये काम करता येते, म्हणजे आयुष्यातला पहिला पगार. पदवीनंतर बारा महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयातले काम करण्याची परवानगी, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतला विषय असेल तर आणखी चोवीस महिने. तुम्ही लिहिता की तिला जीवशास्त्र आवडते आणि बाबा मात्र कॉम्प्युटर सायन्सचा आग्रह धरत आहेत. जीवशास्त्रही त्या यादीत आहे. व्हिसाच्या भीतीपोटी तिच्या आवडीचा विषय काढून घेऊ नका. ओपीटीच्या काळात नोकरी देणाऱ्याने एच-१बी साठी तिचे नाव घातले तर सोडत असते, आणि त्याचे नियम अलीकडे झपाट्याने बदलत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याचा आदेश निघाला, आणि अमेरिकेत राहूनच एफ-१ वरून दर्जा बदलणाऱ्यांना ते लागू नसल्याचे ऑक्टोबरमध्ये यूएससीआयएसने स्पष्ट केले. तिची पदवी होईपर्यंत यातले काय टिकलेले असेल ते त्या वेळीच पाहावे लागेल.

उद्या तुम्हाला ग्रीन कार्ड मिळाले आणि ती मात्र एकवीस ओलांडून गेली असेल, तर तुम्ही तिच्यासाठी एफ-२बी या कौटुंबिक वर्गात अर्ज करू शकता. त्या वर्गात सध्या सुमारे आठ-नऊ वर्षे लागतात. पण तिथे भारतीयांसाठी वेगळी लांब रांग नाही. त्या काळात तिचे लग्न झाले तर अर्ज रद्द होतो, आणि असा अर्ज केल्याने एफ-१ च्या वेळी प्रश्न उभे राहू शकतात, म्हणून तो केव्हा करायचा हे विचारून ठरवा. नात्यातून एखादी मावशी “सिटिझन मुलगा बघा” असेही सुचवेल. तिने स्वतःहून कोणाशी लग्न केले तर तो तिचा आनंद. केवळ कागदांसाठी लग्न करणे हा गुन्हा आहे आणि त्याने पुढचे दरवाजे कायमचे बंद होतात, हे त्या मावशीला ठामपणे सांगा.

तुमचा दुसरा प्रश्न, भारतात परतावे का. इथे मी तुम्हाला थोडे अडवणार आहे. पत्रात तुम्ही “परत जाऊ” असे लिहिता, पण साडेतीन वर्षांची असताना निघालेल्या मुलीसाठी ते परत जाणे नाही, ते नव्या देशात जाणे आहे. तिला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. बारावीच्या तोंडावर तिला तिथून उचलणे हा मला घाईचा निर्णय वाटतो. तरीही भारतातले शिक्षण, किंवा कॅनडासारख्या देशात शिकून पदवीनंतर तीन वर्षांपर्यंतचा कामाचा परवाना घेणे, हे पर्याय कमीपणाचे मानू नका. ती स्वतः त्यांचा विचार करणार असेल तर मनापासून मदत करा. निवड तिने करायची आहे, आणि त्यासाठी पुन्हा आधी तिला माहीत असायला हवे.

तिला एकटे वाटू नये यासाठी एक नाव लिहून ठेवा : ‘इम्प्रूव्ह द ड्रीम’. दीप पटेल या तरुणाने सुरू केलेली ही संघटना नेमक्या याच परिस्थितीतल्या मुलांची आहे. त्यांच्या अंदाजाने अशी मुले दोन लाखांहून अधिक आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकाज चिल्ड्रेन अ‍ॅक्ट नावाचे विधेयक २०२१ पासून संसदेत एकाहून अधिक वेळा मांडले गेले, त्याला दोन्ही पक्षांचे खासदार पाठीशी होते, पण ते अजून कायदा झालेले नाही. त्यावर भरवसा ठेवून बसू नका. मात्र स्वतःसारखेच वाढलेले कोणीतरी भेटणे हे तिला वकिलाच्या सल्ल्याइतकेच उपयोगी पडेल. आय-५३९ फारच रखडला तर तुमच्या भागातल्या खासदाराच्या कार्यालयाला कळवा; मतदार नसलेल्या रहिवाशांच्याही चौकशा ती कार्यालये करतात. आणि मन फारच खचले तर ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन किंवा मेसेज करता येतो, हे तिच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा.

सुट्टीचे काय, हे राहिलेच. पगाराची नोकरी नाही, पण ग्रंथालयात, प्राण्यांच्या निवाऱ्यात किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेत ती विनामोबदला खरीखुरी स्वयंसेवा करू शकते. खासगी कंपनीतली ‘बिनपगारी इंटर्नशिप’ मात्र वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि धाकट्याला विसरू नका. बहिणीचे दार बंद असते, आईबाबा हळू आवाजात बोलतात, हे नऊ वर्षांचे मूल पाहते. त्याच्या वयाला झेपेल एवढे त्यालाही सांगा. “मोठा झालास की ताईला तूच सोडवशील” असे मात्र कोणालाही बोलू देऊ नका. एकविसाव्या वर्षी तो तुम्हा दोघांसाठी अर्ज करू शकेल हे खरे, पण बहिणीसाठी भावाने केलेल्या अर्जाची भारतीयांची रांग तुमच्या आत्ताच्या रांगेहूनही लांब आहे.